लोकल गार्डियन, हिनकल

महाराष्ट्रातलं मूल म्हैसूरला शिकायला आलं, की घरच्यांच्या लेखी ते परदेशीच गेलेलं असतं. पासपोर्ट लागत नाही, रुपयाच चालतो, हे सगळं खरं. पण दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत, भात संपला की पुन्हा भातच येतो आणि जेवताना पोळी मागितली तर वेटर आत जाऊन कोणाला तरी विचारून येतो. अमेरिकेला निघालेल्याची आई विमानतळावर एकदाच काय ते रडून घेते. म्हैसूरवाल्याची आई थोडी थोडी रडत राहते, कारण मूल गणपतीला येतं, दिवाळीला येतं आणि दर वेळी परत जातं. शिवाय अमेरिकेत ओळखीचं कोणी नसतं. म्हैसुरात असतं. म्हणजे मी असते.

आम्ही हिनकलला राहतो. म्हैसूरच्या पश्चिमेला, हुणसूर रस्त्यावर. एकेकाळचं साधं गाव. आता त्याच्या एका अंगाला रिंग रोड, डोक्यावर उड्डाणपूल, शेजारी विजयनगरचे टप्पे आणि पलीकडे हेब्बाळात इन्फोसिसचा ३०० एकरांहून मोठा परिसर. गावात अजून गाई रस्त्यात बसतात, पण त्यांना वळसा घालून जाणाऱ्यांत आता निम्मी पोरं पीजीत राहणारी असतात. त्यांतली मराठी पोरं माझ्याकडे येतात. माझा नंबर महाराष्ट्रभर कसा पसरला ते मला ठाऊक नाही. सुरुवात यांच्या मावसबहिणीच्या जावेने केली एवढं नक्की. कॉलेजच्या फॉर्मवर ‘लोकल गार्डियन’ म्हणून एक रकाना असतो. त्या रकान्यात मी किती ठिकाणी बसलेय, ते मलाच माहीत नाही.

काम तसं सोपं आहे. ताप आला की मऊ भात आणि मेतकूट, परीक्षा संपली की पुरणपोळी आणि घरून फोन आला की ‘हो हो, इथेच होता, आत्ताच गेला.’ तिसरं काम पहिल्या दोन्हींहून जास्त असतं.

जानेवारीत पोरांना समुद्र सुचतो. म्हैसुरात राजवाडा आहे, चामुंडी आहे, प्राणिसंग्रहालय आहे, जवळच वृंदावन आहे, समुद्र नाही. आणि जे गावात नाही ते विद्यार्थ्याला शनिवार-रविवारी हवंच असतं. गंमत अशी, की समुद्राकडे जायचा रस्ता आमच्या दारातच आहे. हिनकलच्या पुलाशी उभं राहून पश्चिमेकडे तोंड केलं, की राष्ट्रीय महामार्ग २७५ सुरू आहेच: हुणसूर, पिरियापट्टण, कुशालनगर, मडिकेरी, मग संपाजे घाट उतरून सुळ्य, पुत्तूर आणि बंटवाळ. तिथून मंगळूर हाकेच्या अंतरावर. अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आता समुद्राला जायचं म्हणजे उतरत जायचं, असं कोणालाही वाटेल. पण म्हैसूरहून निघालेला माणूस आधी मडिकेरीपर्यंत चढतो, साडेअकराशे मीटर उंचीवर कुडकुडतो आणि मग समुद्राकडे घरंगळतो. टी-शर्ट आणि हाफ पँटवर निघालेली पोरं मडिकेरीत पहाटे टॉवेल पांघरून चहा पिताना दिसली, तर ती समुद्रालाच निघाली आहेत असं खुशाल समजावं.

यंदाची टोळी अशी. एक नागपूरकर, झिरो माईलच्या गावचा. समुद्र त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेला. एक सोलापूरकर, याच्या घरी कन्नड बोलतात म्हणून टोळीचा दुभाषी. पण म्हैसूरचे रिक्षावाले त्याचं कन्नड ऐकून आदबीने हिंदीत उत्तर देतात आणि हे दुःख तो कोणाजवळ बोलत नाही. एक तासगावची मुलगी, खजिनदार. तिच्याकडून पैसे सुटायला दोन साक्षीदार लागतात. आणि एक मालवणी, जो समुद्राला निघालाय याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य समुद्रालाच वाटलं असतं. शिवाय मागच्या सीटवर बसणारे आणखी काही, ज्यांची नावं आयांना माहीत असतात आणि मला नसतात.

मराठी विद्यार्थ्याच्या सहलीतला धाडसाचा भाग समुद्रावर येत नाही, असं माझं मत आहे. तो सहलीच्या आधी येतो, घरी फोन करताना. लाटेवर तोल सांभाळणं सोपं. वडिलांना ‘पॅरासेलिंग’ हा शब्द न उच्चारता पैसे मागणं, याला खरी छाती लागते. आमच्या एमबीएवाल्या सोलापूरकराने वडिलांना सांगितलं, की ‘जिऑलॉजिकल साइट व्हिजिट’ आहे. खोटं एका अक्षराचं नव्हतं. उडुपीजवळच्या मल्पे बंदरापासून थोडं आत सेंट मेरी नावाची बेटं आहेत आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यांना भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. एमबीएचा दगडांशी काय संबंध, हे वडिलांनी विचारलं नाही. फीच्या पावत्या बघून त्यांनी विचारायचं सोडलंय.

आयांना मात्र असं काही चालत नाही. मालवणीच्या आईने विचारलं, ‘लाइफ जॅकेट असतलां मा?’ नागपूरच्या आईने विचारलं, समुद्र खोल किती. तासगावची आई काहीच बोलली नाही, फक्त ‘बघ बाई’ म्हणाली आणि हे सगळ्यांत वाईट असतं. मग चौघींचा एकमुखी ठराव झाला: काकू बरोबर असतील तर जा.

मला कोणी विचारलं नाही.

यावर मी यांना आनंदीबाई जोशींचं उदाहरण दिलं. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्या अमेरिकेच्या बोटीत बसल्या तेव्हा नुकती कुठे अठरा वर्षं पूर्ण झाली होती. बरोबर घरचं माणूस नाही, ओळखीचा किनारा नाही, पुढे कित्येक आठवडे नुसतं पाणी. आणि तिथे जाऊन त्या डॉक्टर झाल्या, १८८६ साली. आणि आपल्या या घोड्यांना सहा किलोमीटरच्या फेरीबोटीत बसायला काकू लागतात. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, ‘आनंदीबाईंच्या काळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नव्हता.’ यावर उत्तर नव्हतं. मी स्वेटर काढून ठेवला.

शुक्रवारी रात्री हिनकलच्या पुलाखालून टीटी निघाली. इकडे टेम्पो ट्रॅव्हलरला टीटीच म्हणतात. ड्रायव्हर अण्णा आमच्याच गल्लीतले, रात्रभर डॉ. राजकुमारांची गाणी लावणार हे त्यांनी पैसे ठरवतानाच सांगितलं होतं. गाडीने रिंग रोड ओलांडला नाही तोच मागून पहिला डबा उघडल्याचा आवाज आला. सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी, नागपूरची पुडाची वडी, मालवणचं खाजं, तासगावचे बेदाणे. या पोरांच्या आयांनी एकमेकींना न विचारता प्रत्येकी पूर्ण गाडीला पुरेल एवढं पाठवलं होतं.

याला इतिहास आहे. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी येऊन उपाशीपोटी माघारी वळली होती. बैल मेलेले, धान्य संपलेलं. तेव्हा मेलुकोट्याच्या बाजूला त्यांना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज भेटली आणि मराठ्यांच्या तळावरचा बाजार बघून इंग्रज चाट पडले. धान्य तर होतंच, पण काश्मिरी शालीपासून बर्मिंगहॅमच्या चाकूपर्यंत सगळं विकायला मांडलेलं. इंग्रजांनीच हे लिहून ठेवलंय. टिपूवर स्वारीला निघालेली माणसं घरून इतकं सामान घेऊन निघाली होती! परशुरामभाऊ तासगावचे, तिथलं गोपुराचं गणपती मंदिर त्यांनीच बांधलेलं. मी हे सगळं सांगितल्यावर तासगावची म्हणाली, ‘म्हणजे भाऊंनीपण डबा आणला होता.’

‘आणि इंग्रजांना चढ्या भावाने विकला,’ मी म्हटलं.

तिने बेदाण्यांची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

संपाजे घाटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तो मी डोळे मिटून उतरले. गाडीत लिंबं होती, आलं होतं, ओव्याची पुडी होती आणि आवळासुपारीच्या इतक्या डब्या होत्या की घाट आणखी दोनदा उतरता आला असता. जी तोंडात टाकल्यावर गाडी लागत नाही असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, ती आवळासुपारी खाऊन नागपूरकराला गाडी लागली. ‘काकू, हे वळणं संपते की नाही जी?’ एवढंच तो विचारत होता. विदर्भात रस्ता सरळ असतो हे त्या रात्री आम्हाला पुष्कळदा कळलं.

उजाडता मंगळूर मागे टाकून आम्ही महामार्ग ६६ ला लागलो आणि मालवणी खिडकीला नाक लावून बसला. माड, कौलं, खाडीवरचे पूल, पुन्हा माड. थोड्या वेळाने तो अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘काकू, ह्योच रस्तो सरळ गेलो की आमचा कुडाळ.’ बरोबर होतं. पनवेलहून कन्याकुमारीला जाणारा हाच तो महामार्ग. म्हणजे पोरगा समुद्राजवळचं घर सोडून सह्याद्री चढून म्हैसूरला गेला, तिथे पैसे साठवले, पुन्हा सह्याद्री उतरला आणि आपल्याच अंगणातल्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. तेव्हापासून परतेपर्यंत त्याने एकच काम केलं: जे जे दिसेल त्याला नावं ठेवली. पाणी गढूळ, वाळू जाडी, बोट जुनी. ‘आमच्या तारकर्लीक येवा.’ नागपूरकर मात्र मल्पेच्या वाळूत बूट हातात घेऊन उभा होता. पहिली लाट पायावरून गेली, परतली, पायाखालची वाळू सरकली. तो दचकून मागे झाला. मग वाकला, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काकू, हे सारंच खारं आहे का हो?’

बंदरात दुभाष्याची परीक्षा झाली. सोलापूरकराने बोटीच्या तिकिटांची चौकशी कन्नडमध्ये केली. समोरची माणसं आपसांत तुळू बोलत होती. त्याचं उत्तर कन्नडात आलं, पण ते किनाऱ्याचं कन्नड. आमच्या दुभाष्याच्या चेहऱ्यावरून कळलं की अर्धंच पोचलंय. मालवणी पुढे झाला आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलला. काउंटरवरचा एक जण कोकणी निघाला. दोघांच्या गप्पा रंगल्या, बांगड्याचा भाव निघाला, त्याच्या मामाचं गाव निघालं. तिकिटं शेवटी तासगावच्या मुलीने काढली, हिंदीत, आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे का हेही विचारून घेतलं. नव्हती.

आता त्या बेटाबद्दल, कारण ते खरोखर बघण्यासारखं आहे. किनाऱ्याला लागताच काळेकरडे दगडी खांब दिसतात. कंपासपेटीत पेन्सिली उभ्या खोचाव्यात तसे शेजारी शेजारी, पाच-सहा कडांचे, कुठे गुडघाभर, कुठे त्याहून उंच, काही आडवे पडलेले. कोणी घडवलेले वाटावेत इतके नीट. लाव्हा निवताना आकसतो, तडकतो आणि तडे असे कडाकडांनी खाली उतरत जातात, म्हणून हा आकार. साधारण ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून वेगळा होत होता, त्या काळातला हा लाव्हा. मुंबईकरांनी इतकं लांब जायला नको. अंधेरीत इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल उभी आहे, तीही अशाच खांबांची, वयाने मात्र दोन कोटी वर्षांनी लहान. पण अंधेरीत राहून गिल्बर्ट हिल पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. आपल्या गावचा दगड बघायला आपण जात नाही. तिकीट काढून दुसऱ्याचा बघतो.

मी हे पोरांना सांगत होते. पोरं खांबांवर चढून फोटो काढत होती आणि रखवालदार शिट्टी मारून त्यांना उतरवत होता. सोलापूरकराने तेवढ्यात वडिलांना एका खांबाचा फोटो पाठवला, स्वतः त्यात न येता. अभ्यासू वाटावा म्हणून.

बेटाचं नाव वास्को द गामामुळे पडलं असं सांगतात. १४९८ साली तो याच बाजूने फिरत होता. लिस्बनहून आदल्या वर्षीच्या जुलैत निघालेला माणूस मे महिन्यात कालिकतला पोचला आणि मधल्या दहा महिन्यांत त्याच्या आईने ‘पोचलास का’ म्हणून एकदाही विचारलं नाही. मोठी कामं अशीच होतात.

आमच्यापैकी प्रत्येकाला सकाळपासून निदान चारदा विचारून झालं होतं.

दुपारी मल्पेला परत आल्यावर तो प्रसंग घडला. किनाऱ्यावर जेट स्की होत्या, बनाना राइड होती आणि पॅरासेलिंग होतं. पोरं एकेक करून आकाशात जाऊन आली. मालवणी नको म्हणत म्हणत पहिला गेला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी साडीत नव्हते, पंजाबी ड्रेस होता, आणि आयांनी मला ‘मुलांवर लक्ष ठेवा’ सांगितलं होतं. वरून लक्ष जास्त चांगलं राहील, असा मुद्दा सोलापूरकराने काढला. एमबीए वाया जात नाही म्हणायचं. पट्टे आवळणारा मुलगा मला काहीतरी म्हणाला. सोलापूरकर म्हणाला, ‘घाबरू नका म्हणतोय.’ मालवणी म्हणाला, ‘चपला काढा म्हणता.’ मी दोन्ही केलं. मोबाइल नागपूरकराच्या हातात दिला आणि बोट सुटली.

वर काय दिसलं? मल्पेचं बंदर, रांगेतल्या मच्छीमार बोटी, माडांची कड, लांबवर ती बेटं आणि खाली मुंगीएवढे माझे पाल्य. आवाज अजिबात नव्हता. इतकी शांतता हिनकलला शेवटची कधी होती ते आठवत नाही.

खाली मात्र माझा फोन वाजला. मालवणीची आई. नागपूरकराने अदबीने उचलला.

‘काकू आहेत का?’

‘काकू वर गेल्या ना जी.’

पलीकडे शांतता. मग, ‘कधी?’

‘आत्ताच. हसत हसत गेल्या.’

आणि त्याच क्षणी रेंज गेली.

पुढचं मी नंतर ग्रुपवर वाचलं. पहिल्या मिनिटात ‘अरे देवा’. दुसऱ्यात तासगावच्या वडिलांचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि समईचं चित्र; ते त्यांनी कोणासाठी टाकलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, समई दिसली की ते टाकतात. मग एकामागून एक जोडलेले हात. एका आईने लिहिलं, ‘फार मोठा आधार गेला, आता मुलांचं काय?’ दुसरीने लगेच विचारलं, ‘म्हैसुरात दुसरं कोणी ओळखीचं आहे का?’ शेवटी कोणीतरी हिनकलला घरी फोन केला. यांनी उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘छे हो, उद्या संध्याकाळपर्यंत येते म्हणाली होती.’

मी खाली उतरले तेव्हा माझ्या निधनाला वीस मिनिटं झाली होती.

रात्री उडुपीत जेवलो. नीर डोसे आले, पांढरे, पातळ, जाळीदार, सोबत बांगड्याचं तिखट कालवण. मालवणीने पहिला घास घेतला आणि सकाळपासून प्रथमच गप्प झाला. ताट घावण्यांचं होतं, कालवण आईच्या हातचं नव्हतं पण तिच्या शेजारणीच्या हातचं असू शकलं असतं. त्याने कशालाही नाव ठेवलं नाही. चार वेळा वाढून घेतलं. तासगावची शाकाहारी, तिने थरावर थर रचलेलं ‘गडबड’ आइस्क्रीम मागवलं आणि ते आल्यावर बिल किती होईल ते आधी विचारलं.

परतताना रविवारी दुपारी बैलकुप्प्याला थांबलो. १९६१ पासून तिथे तिबेटी लोकांची वसाहत आहे; सोनेरी बुद्धमूर्तींचं मोठं मंदिर, लाल वस्त्रांतली मुलं-भिक्षू, मोमोची हॉटेलं. आमच्या पोरांच्या वयाचा एक तिबेटी मुलगा गल्ल्यावर होता. म्हैसूरला कॉलेजात शिकतो, म्हणाला. कन्नड फक्कड बोलत होता. सोलापूरकराला त्याचं प्रत्येक वाक्य समजलं आणि सोलापूरकराचं त्याला. घरापासून इतक्या लांब आलास, घरी कधी जातोस, असं नागपूरकराने त्याला विचारलं. ‘घर इथेच,’ तो हसून म्हणाला आणि आमचे सुटे पैसे मोजून दिले. तिथून हिनकलपर्यंत गाडीत घरच्या आठवणीचं गाऱ्हाणं कोणी काढलं नाही.

ज्यांची मुलं म्हैसुरात शिकतात त्या पालकांना माझी एक विनंती आहे. मुलगा ‘घाटात रेंज नव्हती’ म्हणाला तर विश्वास ठेवा. तेवढं एक ते खरं सांगतात. आणि माझा नंबर आता पुढे देऊ नका. मल्पेहून बेटावर जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा ते महिने निर्धास्त झोपावं असं कोणी सांगितलं तर मात्र ऐकू नका. त्या महिन्यांत ही मुलं कोडगूचे धबधबे बघायला जातात.